मोबदला उताऱ्याला, नोटीस वस्तीला

सोलापुरात रस्ता रुंद होणार, उड्डाणपूल होणार अशी बातमी आली की ती दोन प्रकारच्या घरांत दोन प्रकारे ऐकली जाते. ज्याच्या नावावर उतारा आहे तो विचारतो, ‘भाव काय मिळणार?’ ज्याच्या नावावर काहीच नाही तो विचारतो, ‘कधी उठवणार?’ बातमी एक, रस्ता एक, मोजणी करणारेही तेच. तरी एका घराला मोबदला मिळतो आणि दुसऱ्या घरापुढे जेसीबी उभा राहतो. हा फरक नशिबाचा नाही. तो कागदाचा आहे, आणि कागदामागे इतिहास आहे.

भूसंपादनाची चर्चा आपल्या समाजात बहुतेक वेळा उशिरा सुरू होते. नोटीस भिंतीला चिकटली की आपण जागे होतो. मग मोर्चा, निवेदन, उपोषण. तोवर मोजणी झालेली असते, यादी तयार असते आणि त्या यादीत आपले नाव नसते. म्हणून या लेखात आम्ही भावाबद्दल फार बोलणार नाही. आधी हे पाहू की आपली वस्ती हलवताना महापालिका कोणते दार उघडते. मोबदला मिळणार की नाही हे त्या दारावर ठरते.

एक भिंत, दोन कलमे

सोलापूर महानगरपालिका १९६४ साली झाली. तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने चालतो. या कायद्याच्या कलम २१० प्रमाणे आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा आखता येते. या रेषेत एखादी इमारत आली तर ती मागे घ्यायला लावण्याची तरतूद पुढच्या कलमांत आहे. त्यासाठी नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते आणि जी जागा रस्त्यात जाते तिची भरपाई द्यावी लागते.

याच कायद्यात कलम २३१ सुद्धा आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर परवानगी नसताना काही उभे केले असेल तर आयुक्तांना ते नोटीस न देता काढता येते. इथे भरपाई नाही, सुनावणी नाही.

आता एकाच रस्त्यावरच्या दोन भिंती डोळ्यांपुढे आणा. एक भिंत सिटी सर्व्हे उतारा असलेल्या जुन्या वाड्याची आहे. दुसरी चाळीस वर्षांपूर्वी गावाहून गिरणीत कामाला आलेल्या माणसाने बांधलेल्या पत्र्याच्या खोलीची. रस्ता दोन्ही भिंती खातो. पहिल्या भिंतीसाठी फाइल तयार होते, दुसऱ्या भिंतीसाठी पथक येते. दुसऱ्या घराच्या बाबतीत ‘भूसंपादन’ हा शब्द कुठेच लिहिला जात नाही. तिथे ‘अतिक्रमण’ लिहिले जाते. तो शब्द एकदा लिहिला गेला की भरपाईच्या कायद्याचे सगळे दरवाजे बंद होतात.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की नोटीस हातात आली तर तारखेच्या आधी कलम वाचा.

आरक्षण आणि टीडीआर

तिसरे दार विकास आराखड्याचे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा आराखडा तयार होतो. त्यात बाग, शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. या ३० दिवसांत नगररचना विभागाच्या भिंतीवरचा नकाशा पाहायला आपल्यापैकी किती जण जातात? वस्तीच्या डोक्यावर हिरवा रंग पडला आहे, म्हणजे ‘उद्यान’ आले आहे, हे अनेकदा दहा वर्षांनी कळते.

आरक्षित जागा ताब्यात घेण्याचे तीन मार्ग कलम १२६ मध्ये आहेत. मालकाशी वाटाघाट करून पैसे देणे, पैशांऐवजी वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर देणे, आणि हे दोन्ही जमले नाही तर शासनाकडे सक्तीच्या संपादनाचा प्रस्ताव पाठवणे. तिजोरीत पैसा नसलेल्या महापालिकेला दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. टीडीआर म्हणजे जागा इथे सोडायची आणि तिच्या बदल्यात बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा. पालिकेला रोख रक्कम द्यावी लागत नाही, मालकाचेही भले होते.

त्या जागेवर राहणाऱ्याचे काय? टीडीआर हवा असेल तर मालकाने जागा बोजारहित करून द्यायची असते, असा नियम आहे. कागदावर हा नियम निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात वस्ती रिकामी करण्याचे काम पालिकेकडून मालकाकडे जाते. मालक भाडेकरूला थोडे पैसे देऊन, दम देऊन किंवा कोर्टाची भीती घालून उठवतो. पालिकेने कुणालाही विस्थापित केलेले नसते, तिला फक्त मोकळी जागा मिळते. सरकारी कागदात विस्थापितांची संख्या शून्य राहते.

मालकाला याच कायद्यात आणखी एक कवच आहे. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ प्रमाणे तो नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण रद्द होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे ठणकावून सांगितले. त्या प्रकरणात जमीन ३३ वर्षे आरक्षणाखाली अडकून पडली होती. निकाल योग्यच आहे. पण ३३ वर्षे टांगती तलवार मालकाच्या डोक्यावर होती तशी ती आरक्षित जागांवर राहणाऱ्यांच्या डोक्यावरही असते. आरक्षण आहे म्हणून पक्के बांधकाम करता येत नाही, नळ मिळत नाही, घरकुलाची फाइल परत येते. त्यांना देण्यासाठी मात्र कायद्यात अशी कोणतीही नोटीस नाही.

२०१३ चा कायदा आपल्याला ओळखतो

ब्रिटिशांचा १८९४ चा भूसंपादन कायदा मालकालाच ओळखत होता. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्याने हे चित्र बदलले. त्याचे लांबलचक नावच ‘वाजवी भरपाई’, ‘पारदर्शकता’, ‘पुनर्वसन’ आणि ‘पुनर्वसाहत’ या चार शब्दांवर उभे आहे. शहरात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट, हा हिशेब सर्वांना पाठ झाला आहे. त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या वस्त्यांत पोचलेली नाही.

या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे केवळ मालक नाही. शहरी भागात संपादनापूर्वी तीन वर्षे किंवा अधिक काळ त्या जमिनीवर राहणारे कुटुंब, किंवा त्या जमिनीवर ज्याचा मुख्य रोजगार अवलंबून होता ते कुटुंबही बाधित ठरते. भाडेकरू आला, चहाची गाडी लावणारा आला, चप्पल शिवणारा आला. दुसऱ्या अनुसूचीत तर स्पष्ट लिहिले आहे की स्वतःची घरजागा नसलेले, पण अधिसूचनेपूर्वी तीन वर्षे सलग तिथे राहणारे आणि नाइलाजाने विस्थापित झालेले कुटुंबही घराला पात्र आहे. शहरात हे घर किमान ५० चौरस मीटर जोत्याचे हवे. घर नको असेल तर किमान दीड लाख रुपये. त्याखेरीज वर्षभर दरमहा ३ हजार रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवण्यासाठी ५० हजार, एकरकमी पुनर्वसाहत भत्ता ५० हजार, कारागीर व लहान दुकानदारांना किमान २५ हजार.

आणखी एक कलम प्रत्येक विहारात वाचून दाखवावे असे आहे. कलम ४१ मध्ये म्हटले आहे की प्रकल्पामुळे अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे विस्थापित होणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी विकास योजना तयार करायची, आणि जे जमीन-हक्क त्यांना मिळायला हवे होते पण अद्याप निश्चित झालेले नाहीत ते निश्चित करण्याची पद्धत त्या योजनेत द्यायची. कायदा इथे जवळजवळ कबुली देतो की या लोकांकडे कागद नसण्याचा दोष त्यांचा नाही.

मग हे सगळे आपल्याला मिळत का नाही? एक कारण वर आलेच आहे. आपल्या घराबाबत ‘संपादन’ झालेच नाही असे दाखवले जाते. दुसरे कारण २०१८ चे आहे. महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्यात दुरुस्ती करून नगररचना कायद्यासह काही राज्य कायद्यांखालील संपादन त्याच्या चौकटीतून वेगळे काढले. भरपाईचे व पुनर्वसनाचे निकष राहिले, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्यासोबतची जनसुनावणी गळाली. कोण कुठे राहते, कशावर जगते, हे लिहून घेण्याची जागाच ती होती. मोजणी फक्त जमिनीची झाली तर माणसे हिशेबात येणार कुठून?

वतन, सेटलमेंट आणि कागद

कागद नाही तो का नाही, हेही एकदा मांडले पाहिजे.

१९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावे शहरात आली. गावांच्या शिवाराबरोबर महार वतनाचा प्रश्नही शहरात आला. वतन म्हणजे गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले, कारण हा तुकडा जमीन म्हणून तोकडा आणि गुलामीची साखळी म्हणून पक्का होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि जमिनी पुन्हा देण्यात आल्या, पण नव्या व अविभाज्य शर्तीवर. त्या आज ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून सातबाऱ्यावर दिसतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांशिवाय त्या विकता येत नाहीत.

ही अट वतनदाराच्या संरक्षणासाठी होती. शहर जवळ आल्यावर तिचा उलटा उपयोग होतो. वारस पन्नास, फेरफार अपुरे, एक भाऊ मुंबईला, एक बहीण कर्नाटकात. संपादनाची कुणकुण आधी लागलेला माणूस येतो, कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो, परवानगीचे आणि नजराण्याचे बघतो म्हणतो आणि कवडीमोलाने जमीन उचलतो. नंतर निवाडा होतो तेव्हा मोबदल्याच्या रांगेत तोच उभा असतो. पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार २०२५ च्या अखेरीस राज्यभर गाजला तेव्हा अनेकांना धक्का बसला. आम्हाला धक्का बसला तो एवढाच, की या वेळी ते वर्तमानपत्रात आले.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या सेटलमेंटचे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ब्रिटिश सरकारने भटक्या जमातींना पकडून इथे तारेच्या कुंपणात वसवले. गिरण्यांना मजूर मिळाले, सरकारला हजेरी मिळाली. १९५२ साली देशभरातला तो कायदा गेला आणि माणसे ‘विमुक्त’ झाली. ज्यांना सरकारनेच त्या जमिनीवर आणून बसवले, त्यांच्या नातवंडांना कुणी अतिक्रमणदार म्हणू लागले तर त्या शब्दाला काय अर्थ उरतो? आपला लढा आणि त्यांचा लढा वेगळा नाही.

आणि गिरण्या. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. या गिरण्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला शहरात आणले. बुधवार पेठेपासून कुमठा नाक्यापर्यंतच्या आपल्या वस्त्यांचा इतिहास गिरणीच्या भोंग्याशी बांधलेला आहे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा शहराच्या मधोमध मोठ्या जागा मोकळ्या झाल्या. सार्वजनिक कामासाठी, कामगारांच्या घरांसाठी जमीन घ्यायची तर त्याहून योग्य वेळ कोणती होती? त्या वेळी सक्तीच्या संपादनाची तलवार म्यानातच राहिली.

पंढरपूरकडून शिकण्यासारखे

आपल्याच जिल्ह्यात सध्या दुसरा मोठा प्रश्न पेटलेला आहे. पंढरपुरात विठ्ठल मंदिराभोवती कॉरिडॉर करण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. त्यासाठी मंदिराच्या आसपासची घरे व दुकाने घ्यावी लागणार म्हणून तिथले रहिवासी आणि व्यापारी एकवटले. बंद झाले, बैठका झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले. प्रशासनाला बाधितांशी चर्चेला बसावे लागले, त्यांची मते नोंदवून घ्यावी लागली.

पंढरपूरकरांच्या भावनेशी आमचे भांडण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर जाण्याचे दुःख घरमालकाचे असो की झोपडीवाल्याचे, दुःखच आहे. पण एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. तिथे सरकारला ‘विश्वासात घेऊ’, ‘कुणावर अन्याय होणार नाही’ ही भाषा वापरावी लागली, कारण समोरच्याकडे उतारा होता, संघटना होती, वकील होता आणि वर्तमानपत्र होते. वस्तीपुढे सरकारची भाषा वेगळी असते. तिथे ‘कारवाई’ होते, ‘मोहीम’ होते, ‘बंदोबस्त’ लागतो.

आणि पंढरपुरातही प्रश्न मालकांपाशी संपत नाही. मालकाच्या ओट्यावर तुळशीमाळा विकणारी बाई, भाड्याच्या गाळ्यात चुरमुरे विकणारा, दिंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला बसणारा चर्मकार यांचे नाव कोणत्या यादीत आहे? २०१३ च्या कायद्याच्या भाषेत हे सगळे ‘रोजगार बाधित’ आहेत. त्यांची यादी करा, ही मागणी सोलापूरच्या आंबेडकरी संघटनांनी पंढरपुरात जाऊन केली पाहिजे.

सार्वजनिक हित कुणाचे?

आम्ही रस्त्यांच्या विरोधात नाही. सोलापूरच्या रस्त्यांवर जड वाहनांखाली जी माणसे मरतात त्यांत आपली माणसे असतात. दवाखाना, शाळा, मलनिस्सारण यांची सर्वांत जास्त गरज आपल्याच वस्त्यांना आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर शेतजमीनच राज्याने ताब्यात घ्यावी असे मांडले होते. म्हणजे राज्याने जमीन घेऊ नये ही आपली भूमिका कधीच नव्हती. मात्र त्याच निवेदनात ज्यांना मोबदला द्यायचा त्यांत मालकाबरोबर कूळ आणि गहाणदार यांचाही हक्क धरलेला आहे, आणि घेतलेली जमीन जात-धर्म न पाहता सर्वांना कसायला द्यायची आहे. जमीन कुणाकडून घेता, कुणाला भरपाई देता आणि शेवटी ती कुणाच्या उपयोगी पडते, हे तीन प्रश्न त्या मांडणीत एकत्र येतात. आजच्या भूसंपादनाला हीच कसोटी लावावी.

बोरामणीकडे पाहा. आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार म्हणून तिथे शेतकऱ्यांच्या शेकडो हेक्टर जमिनी घेतल्या. विमानतळ झाला नाही. २०२५ मध्ये विमान उडाले ते होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरून. शहरातले दोन उड्डाणपूल, जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, घोषणेनंतर वर्षानुवर्षे भूसंपादनातच रखडले. कामे रखडली तरी रेषेखाली आलेल्या घरांचे आयुष्यही तिथेच रखडते. ना दुरुस्ती करता येते, ना विकता येते.

हे इथेच घडते असे नाही. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या नूतनीकरणाची लाट आली आणि शहरामागून शहरात काळ्यांच्या वस्त्या पाडल्या गेल्या. तिथले काळे लोक या नूतनीकरणाला ‘काळ्यांना हटवण्याची योजना’ म्हणू लागले. २००५ मध्ये न्यू लंडन या गावच्या पालिकेने विकासासाठी लोकांची घरे सक्तीने घेतली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केले. पुढे ज्या औषध कंपनीच्या भरवशावर हा डाव मांडला होता ती गाव सोडून गेली आणि घेतलेली जमीन वर्षानुवर्षे ओसाड पडली. विकासाच्या नावाने घेतलेली जमीन विकासाला लागली का, हे नंतर विचारण्याची सोय तिथेही नव्हती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात मात्र एक महत्त्वाची चौकट दिली. संविधानाच्या अनुच्छेद ३००अ खाली मालमत्ता घ्यायची तर सात गोष्टी पाळल्या पाहिजेत: नोटीस, म्हणणे ऐकणे, कारणांसह निर्णय, खरे सार्वजनिक हित, वाजवी भरपाई, वेळेत व कार्यक्षम प्रक्रिया, आणि ती प्रक्रिया पूर्ण करून ताबा घेणे. नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालाने पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस सांगितली. पण इथे गाफील राहू नका. रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव यांवरच्या बांधकामांना तो निकाल लागू नाही असे न्यायालयानेच म्हटले आहे. आपल्या अनेक वस्त्या नेमक्या अशाच जागांवर आहेत.

मग करायचे काय?

१९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात मुंबईच्या पदपथवासीयांना न्यायालयाने जगण्याचा हक्क म्हणजे उपजीविकेचाही हक्क असे सांगितले. तरीही पदपथावरून उठवणे थांबले नाही. पर्यायी जागा कुणाला द्यायची असे सांगितले? १९७६ च्या गणनेत ज्यांच्या झोपडीवर नंबर पडला होता आणि ज्यांच्याकडे ओळखपत्र होते त्यांना. हा धडा आपण लक्षात ठेवला पाहिजे. हक्क संविधानात आहे, पण घर यादीतल्या नावाला मिळते.

म्हणून पहिले काम यादीचे. आपल्या प्रत्येक घरात एक लोखंडी पेटी असते. तिच्यात मुलांचे दाखले, बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलेली जुनी लाईट बिले, घरपट्टीच्या पावत्या, फोटोपास असतात. विहाराच्या समितीने रविवारच्या वंदनेनंतर एक तास यासाठी द्यावा. घरोघरी कोण किती वर्षे राहते, कशावर पोट भरते, पुरावा काय, हे वहीत लिहावे, फोटो काढावेत, झेरॉक्स एकत्र ठेवाव्यात. सामाजिक परिणामांचा अभ्यास सरकार करत नसेल तर तो आपण करावा आणि आयुक्त व जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

दुसरे, शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे. त्यासाठी अर्ज आजच करा. रमाई घरकुल योजना स्वतःच्या जागेवर घर बांधायला पैसे देते. जागाच नावावर नसलेला नवबौद्ध तिथे दारातूनच परत येतो. जागेचा पट्टा आधी, घरकुल नंतर, अशी मागणी हवी.

तिसरे, नोटीस तोंडी स्वीकारू नका. ‘अतिक्रमण’ लिहिले असेल तर कोणत्या मोजणीच्या आधारे, हे माहिती अधिकारात विचारा. २०१३ चा कायदा किंवा त्याचे कलम ४१ लागू नाही असे अधिकारी म्हणाला तर तेच वाक्य त्याच्या सहीने मागा. बहुतेक वेळा तोंडाने सहज बोललेली गोष्ट सहीने देताना हात थबकतो.

चौथे, निवडून दिलेल्यांना जाब विचारा. मार्च २०२२ नंतर सोलापूर महापालिकेत वर्षानुवर्षे प्रशासक होता. या काळात ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. त्या काळातले रस्तारेषा, आरक्षण बदल आणि टीडीआरचे ठराव कोणते, ते कुणाच्या वस्तीवरून जातात, याची यादी प्रभागाच्या नगरसेवकाने लोकांपुढे ठेवावी.

पाचवे आपल्याच घरातले आहे. वस्ती उठणार म्हटले की काही पुढारी आधी बिल्डरच्या कार्यालयात आणि मग मोर्चात दिसतात. एकाच कुटुंबाच्या नावावर चार झोपड्या निघतात. अशी नावे यादीत घालून आपण खऱ्या माणसाचा हक्क मारतो आणि सरकारच्या हाती आयते कोलीत देतो.

हे अशक्य नाही. कुंभारीत बिडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी केली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आकाराला आले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५ हजार घरे वाटली गेली. त्यांचा झेंडा लाल असेल, आपला निळा असेल, पण घराघराची नोंद, वर्गणी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यातून काय होते ते सोलापूरने पाहिले आहे. त्याची एक मर्यादाही पाहिली आहे. घर मिळाले ते शहराबाहेर. कामाला यायला रिक्षाचे भाडे, मुलांची शाळा बदलणे, दवाखाना लांब. ज्यांनी आपणहून तिथे जायचे ठरवले त्यांची गोष्ट वेगळी. कुणाला जबरदस्तीने उचलून तिकडे नेऊन टाकणे याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. पर्यायी जागा वस्तीच्या जवळ हवी, ही अट आपण सोडू नये.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. चार भिंती, एक छप्पर आणि शाळेपासून चालत जाता येईल एवढे अंतर. आज शंभर वर्षांनी त्या वसतिगृहासारख्या ठिकाणी शिकलेल्यांची नातवंडे डॉक्टर, शिक्षक, अधिकारी आहेत. त्यांच्यातलाच एखादा महापालिकेत, भूमी अभिलेखात किंवा भूसंपादन कार्यालयात खुर्चीवर असेल. त्याच्याकडे आम्ही काही बेकायदा मागत नाही. पुढच्या मोजणीला जाल तेव्हा जमिनीबरोबर माणसेही मोजा आणि त्यांची नावे लिहा, एवढेच मागतो.